फुकट आहे तर मग कार्ड कशाला?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

(यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली, सॉफ्टवेअरची फ्री ट्रायल आणि त्याच्या आधी मागितलं जाणारं क्रेडिट कार्ड. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात.)

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. जुन्या स्कॅन केलेल्या प्रश्नपत्रिका नीट टाइप स्वरूपात आणायला एक पीडीएफचं सॉफ्टवेअर बघितलं. मोठ्या अक्षरात ७ दिवस मोफत लिहिलंय, पण पहिल्याच पानावर कार्डाचा नंबर, तारीख, सीव्हीव्ही सगळं मागतायत. खाली बारीक अक्षरात 'आज कोणतीही रक्कम आकारली जाणार नाही' असं आहे. फुकट आहे तर कार्ड कशाला हवं यांना? देऊ का नको?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : मॅडम, तुम्ही वाचलेल्या ओळीतला 'आज' हा शब्द फार कामाचा आहे, तो सुटला नाही तुमच्या नजरेतून म्हणजे अर्धं काम झालं.

कंपनीला विचारलं तर सांगतील की खोटी अकाउंट्स टाळायला घेतो, तुम्ही खरा माणूस आहात एवढंच तपासतो. यात थोडं तथ्य असतं, त्यावर खाली पुण्याच्या वाचकाच्या उत्तरात बोलूच. पण पीडीएफच्या सॉफ्टवेअरला तुम्ही खऱ्या आहात हे कळायला मोबाइलवरचा ओटीपी पुरतो की. कार्ड घेतात कारण त्याने हिशोब उलटा होतो. कार्ड नसेल तर आठव्या दिवशी कंपनीला तुमच्याकडे येऊन म्हणावं लागतं, आवडलं का, घेणार का? आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर व्यवहार तिथेच संपतो. कार्ड दिलेलं असेल तर तुम्ही गप्प बसलात की होकार. साडीच्या दुकानात वीस साड्या उलगडून दाखवतात पण आधी पाकीट गल्ल्यावर ठेवा आणि नको असेल तर आठवड्याच्या आत येऊन मागा असं कोणी म्हणत नाही, म्हटलं तर आपण पायरी उतरू. इथे मात्र उतरत नाही, कारण फॉर्म भरायला मिनिटभर लागतं आणि काम अडलेलं असतं.

आता आपल्याकडे परिस्थिती पाच-सहा वर्षांपूर्वी होती तेवढी वाईट नाहीये हे पण सांगते. रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा (म्हणजे आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीचा) नियम आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून तो नीट लागू झाला. त्यात काय की दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप पैसे कापायचे असतील तर पहिल्यांदा नोंदणी करताना ओटीपी लागतो, आणि प्रत्येक वेळी पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला मेसेज किंवा मेल पाठवायचा, त्यात कंपनीचं नाव, रक्कम, कापायची तारीख हे सगळं हवं आणि त्यातूनच नको म्हणायची सोय पण हवी. १५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार असेल तर नंतर ओटीपी लागत नाही, त्याच्या वर असेल तर दर वेळी लागतो. (आधी मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. कंपन्यांना बरं झालं. आपल्याला? बघा तुम्हीच, बहुतेक सॉफ्टवेअरची वर्षाची फी याच मर्यादेच्या आत बसते.)

म्हणजे ट्रायलला कार्ड देताना जो ओटीपी येतो तो नुसता ओळख पटवायचा ओटीपी आहे असं समजू नका, त्या पानावर मँडेटची जास्तीत जास्त रक्कम किती, मासिक की वार्षिक, कधीपर्यंत, हे दिसतं. तिथे थांबून वाचा. बरेचदा जाहिरातीत महिन्याचा आकडा असतो आणि मँडेट असतं अख्ख्या वर्षाचं.

घ्यायचीच असेल ट्रायल तर घेतल्या घेतल्या त्याच दिवशी कॅन्सल करा. सातव्या दिवसाची वाट बघू नका, कंपनीचा सातवा दिवस तुमच्या घड्याळाने संपतो का त्यांच्या देशातल्या हे कोण बघत बसणार. बहुतेक ठिकाणी कॅन्सल केलं तरी उरलेले दिवस वापरता येतं, काही ठिकाणी मात्र लगेच बंद करतात, तेवढं आधी वाचून घ्या.

आणि खरं सांगू, तुमच्या कामाला हे लागतच नाही. स्कॅन केलेली पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाका, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी अक्षरं सुद्धा ओळखून टाइप स्वरूपात येतात. मांडणी विस्कटते, जोडाक्षरं दोन-चार ठिकाणी चुकतात, ते हाताने नीट करावं लागेल. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर पण मराठी वाचतं, पण ते चालवायला शाळेतला कॉम्प्युटरवाला कोणीतरी हाताशी लागेल. दोन्हीपैकी कोणीही कार्ड मागत नाही.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. एका परदेशी कंपनीचं अल्बम डिझाइनचं सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलं होतं, लग्नाचा सीझन सुरू झाला आणि डोक्यातून गेलं. आता स्टेटमेंटमध्ये वर्षाचे साडेअकरा हजार कापलेले दिसतायत. एकदाही वापरलं नाही. मित्र म्हणतो बँकेला सांग की हा व्यवहार मी केलाच नाही, फ्रॉड आहे, पैसे परत मिळतात. करू का तसं?
— एक फोटोग्राफर, कोल्हापूर

उत्तर : नका करू भाऊ. मित्र तुमचा आहे पण सल्ला बरोबर नाही. 'माझी चूक नसेल तर तीन दिवसांत कळवलं की पूर्ण पैसे परत' हा जो नियम लोक सांगतात तो रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा आहे आणि तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी आहे. इथे मँडेट नोंदवताना तुमच्या मोबाइलवरून ओटीपी गेलाय, बँक तो रेकॉर्ड काढून समोर ठेवेल आणि मग तुमची खरी तक्रार पण कोणी ऐकणार नाही. आणि खरी तक्रार आहे ना तुमच्याकडे, ती का सोडायची.

पहिलं काम, फोनमधले जुने मेसेज आणि मेल शोधा, स्पॅममध्ये पण बघा, पैसे कापायच्या आदल्या दिवशी बँकेची सूचना आली होती का. आली असेल तर बँकेने तिचं काम केलं, मग विषय तुमचा आणि कंपनीचा. आली नसेल तर बँकेलाच पकडता येतं, कारण ती सूचना पाठवणं तिच्यावर बंधनकारक आहे. हा फरक फार मोठा आहे आणि लोक नेमका इथेच घोळ घालतात, कंपनीवरचा राग बँकेच्या मॅनेजरवर काढतात आणि उलटं पण.

दुसरं, कंपनीला आजच मेल टाका. लांबलचक नको. अमुक तारखेला पैसे कापले, ट्रायलनंतर एकदाही लॉगिन केलेलं नाही, तुमच्या सिस्टीममध्ये बघा, कॅन्सल करून पूर्ण रिफंड द्या. बस. एकदाही वापर नसेल तर बऱ्याच कंपन्या मुकाट्याने देतात, त्यांना बँकेमार्फत येणारा डिस्प्यूट, म्हणजे पैसे परत मागणारी तक्रार, नको असतो, त्याचा त्यांना दंड बसतो आणि असे जास्त झाले तर व्हिसासारखं कार्ड नेटवर्क त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघायला लागतं. तुमचं कार्ड व्हिसाचं असेल तर मेलमध्ये हे पण लिहा की व्हिसाच्या नियमाप्रमाणे ट्रायल संपून पैसे लागायच्या किमान ७ दिवस आधी आठवण पाठवायला हवी होती. एप्रिल २०२० पासूनचा नियम आहे तो, पाठवली नसेल तर बँकेत डिस्प्यूट टाकताना हाच तुमचा मुद्दा, 'मी केलं नाही' हा नाही.

बँकेने दाद दिली नाही, म्हणजे ३० दिवसांत उत्तर नाही किंवा आलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे, वकील लागत नाही. पण लोकपाल रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँका आणि तशा संस्थांबद्दलच ऐकतो, सॉफ्टवेअर कंपनीबद्दल नाही. कंपनीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तिथे तक्रार करताना एक गोष्ट लिहाच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, ग्राहकाला गंडवायच्या १३ पद्धतींची यादीच दिलीये त्यात, आणि त्यातली एक आहे सबस्क्रिप्शन ट्रॅप. कॅन्सलचं बटण लपवणं, कॅन्सल करायला दहा पानं फिरवणं हे त्यात आहेच, पण फुकटचं सबस्क्रिप्शन देताना पेमेंटची माहिती किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हेसुद्धा स्पष्ट लिहिलंय. आता कंपनीचे वकील म्हणतील की फ्री सबस्क्रिप्शन वेगळं आणि फ्री ट्रायल वेगळी, म्हणू देत. माझ्या मते ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीत काही फरक नाही, आणि परदेशी कंपनी असली तरी भारतात सेवा विकते म्हटल्यावर या सूचना तिला लागू आहेत. अजून राजरोस चालू आहे ते सगळं, हे पण खरं. नियम कागदावर येऊन उपयोग नाही, तक्रारी पडल्या पाहिजेत, आणि आपण साडेअकरा हजार गेले तरी 'जाऊ दे' म्हणतो.

आणि हो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मँडेट रद्द करा, नाहीतर पुढच्या वर्षी याच तारखेला परत. कुठे ई-मँडेट नावाने असतं, कुठे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, कार्डाच्या सेक्शनमध्येच सापडेल. डॉलरमध्ये कापले असतील तर रिफंड आला तरी तेवढेच्या तेवढे येतील असं धरू नका, परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, वर त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि रेटही बदललेला असतो.

प्रश्न : मुलाने मोबाइलवर एक ॲप घेतलं, ३ दिवस फक्त २ रुपयांत, यूपीआयने. मी ॲप डिलीट करून टाकलं, तरी महिन्याने ४९९ गेले. ॲपच नाही तर पैसे कसे जातात?
— एक पालक, लातूर

उत्तर : ॲप काढलं म्हणजे फोनमधून काढलं, परवानगी अजून जिवंत आहे. ते २ रुपये ट्रायलची किंमत नव्हतीच, मुलाने (किंवा तुम्ही, पिन कोणाचा होता ते घरात बघा) पिन टाकला तेव्हा यूपीआय ऑटोपे चालू झालं. कार्डवाल्या ट्रायलचंच हे देशी भावंड, जुलै २०२० पासून सुरू झालंय, आणि कार्ड नसलेल्या माणसापर्यंत पण पोचतं म्हणून जास्त जोरात चालतं. क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरताना माणूस निदान दचकतो तरी, यूपीआयचा पिन आपण भाजीवाल्याकडे पण टाकतो त्यामुळे हात थांबतच नाही.

ज्या यूपीआय ॲपवरून पैसे गेले त्यात प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतील, नको ती रद्द करा. बघाल तर अजून एखादं जुनं काहीतरी सापडेलच. प्ले स्टोअरमधून घेतलेलं असेल तर प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन पण बंद करा.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्सची बिलं आणि हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर बनवतो. १४ दिवसांची ट्रायल देतो. आत्तापर्यंत कार्ड मागत नव्हतो पण बरेच जण नुसतं बघून जातात, एकच माणूस वेगवेगळ्या मेल आयडीवरून परत परत ट्रायल घेतो. आमचे एक सल्लागार म्हणतात कार्ड कंपल्सरी करा, जे येतील ते सिरियस येतील. बरोबर आहे का हे?
— एक उद्योजक, पुणे

उत्तर : सल्लागारांचं गणित चुकीचं नाही, म्हणजे कार्ड मागितलं की येणारे कमी होतात आणि आलेल्यांपैकी पैसे देणारे जास्त दिसतात. पण त्या पैसे देणाऱ्यांत किती जण आवडलं म्हणून देतायत आणि किती जण विसरले म्हणून, ते त्या आकड्यात दिसत नाही. विसरलेला माणूस स्टेटमेंट बघतो त्या दिवशी तुमचा शत्रू होतो आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही गोष्ट किती वेगाने फिरते ते मी तुम्हाला काय सांगायचं.

कार्ड मागायचं खरंखुरं कारण असतं, नाही असं नाही. फुकट सर्व्हर वापरायला देणाऱ्या कंपन्यांचे हाल झालेत. लोक ढिगाने खोटी अकाउंट काढून त्यावर क्रिप्टोकरन्सी खणत बसायचे, वीज आणि मशीन कंपनीचं. गिटलॅबने (प्रोग्रॅमर लोकांची कोड ठेवायची सेवा) २०२१ मध्ये याच कारणासाठी फुकट वापरणाऱ्या नव्या लोकांकडे कार्ड मागायला सुरुवात केली, हेरोकूने (ॲप चालवायला सर्व्हर देणारी कंपनी) तर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फुकटचा प्लॅनच बंद केला आणि गैरवापराचं कारण दिलं. तिथे प्रत्येक खोट्या माणसामागे रोख खर्च होता. तुमच्या सॉफ्टवेअरवर कोणी बिटकॉइन खणणार आहे का? सिंकिंग फंडाची एंट्री टाकायला कोण खोटं नाव घेऊन येतंय.

आता तुमचा गिऱ्हाईक कोण ते बघा. सोसायटीचा खजिनदार. बहुतेक वेळा रिटायर्ड बँकवाले नाहीतर एलआयसीतले काका, हिशोबाला चोख. सोसायटीच्या नावाने क्रेडिट कार्ड नसतं, पैसे द्यायचे तर चेक, त्यावर दोन सह्या, त्याआधी कमिटीत ठराव. तुम्ही त्यांच्याकडे कार्ड मागताय म्हणजे त्यांचं स्वतःचं कार्ड मागताय, सोसायटीच्या कामासाठी, आणि उद्या चुकून पैसे कापले गेले तर ते परत घ्यायला त्यांना सर्वसाधारण सभेत उत्तर द्यावं लागेल. कोण देईल? देशात क्रेडिट कार्डं आत्ता कुठे २०२४ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली, त्यात एकेका माणसाकडे दोन-तीन, डेबिट कार्डं ९० कोटींच्या वर आहेत. म्हणजे कार्ड मागून तुम्ही सिरियस लोक वेगळे काढत नाही, ज्यांच्याकडे कार्ड आहे असे लोक वेगळे काढता.

मला तर वाटतं तुमची गडबड १४ दिवसांत आहे. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा. काकांनी ट्रायल घेतली, चार फ्लॅट भरून बघितले, मीटिंग तीन आठवड्यांनी, तोपर्यंत ट्रायल संपली, मीटिंगमध्ये दाखवायला काही नाही, म्हणून ते दुसऱ्या मेलवरून परत घेतात. तो एकच माणूस परत परत येतोय म्हणताय ना, तो चोर नसेल, तोच तुमचा सगळ्यात पक्का गिऱ्हाईक असेल, फोन करून बघा त्याला.

दिवस मोजण्यापेक्षा काम मोजा. दोन महिन्यांची बिलं फुकट काढू द्या, तिसऱ्या महिन्याला पैसे मागा. मोबाइल नंबरवर ओटीपी घ्या, सोसायटीचा रजिस्ट्रेशन नंबर घ्या म्हणजे एका सोसायटीला एकच ट्रायल. मुदत संपली तर डेटा लॉक करू नका, बघता येईल आणि एक्सेलमध्ये काढून नेता येईल एवढं ठेवा. आणि पैसे घ्यायला चेक, एनईएफटी, क्यूआर सगळं ठेवा, नाहीतर ठराव होऊन पण पैसे यायचे नाहीत.

प्रश्न : आमचं कार्ड अमेरिकेतल्या बँकेचं. इथे ट्रायलला ओटीपी वगैरे काही येत नाही, कार्ड नंबर टाकला की झालं. रिझर्व्ह बँकेसारखा नियम इथे नाही का? ऐकलं होतं की एका क्लिकमध्ये कॅन्सल करायचा कायदा आला.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आला होता म्हणायचा. फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये तो 'क्लिक टू कॅन्सल' नियम पक्का केला आणि लागू व्हायच्या तोंडावर जुलै २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने प्रक्रिया नीट पाळली नाही म्हणून रद्द केला. पण २०१० चा ऑनलाइन खरेदीदारांच्या विश्वासाचा जो कायदा आहे, ज्याला तिथे रोस्का म्हणतात, तो आहे, त्यात अटी स्पष्ट सांगणं, तुमची संमती घेणं आणि बंद करायची सोपी सोय देणं हे तिन्ही आहे. त्याच कायद्याखाली कमिशनच्या सांगण्यावरून तिथल्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अडोबीवर (फोटोशॉपवाली कंपनी) केस टाकली, आरोप असा की महिन्याने पैसे देता येणाऱ्या वार्षिक प्लॅनमध्ये मध्येच बंद केलं तर लागणारी फी नीट दिसेल अशी सांगितली नाही. ॲमेझॉनने प्राइम मेंबरशिपच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली.

तुमच्याकडे बँक आदल्या दिवशी सांगणार नाही, त्यामुळे ट्रायलसाठी वेगळं व्हर्च्युअल कार्ड (प्लॅस्टिकचं नाही, नुसता ऑनलाइन नंबर) घ्या, त्याची मर्यादा एक डॉलर ठेवा. आणि भारतातल्या आई-बाबांना तिकडून काही सबस्क्रिप्शन घेऊन दिलं असेल तुमच्या कार्डावर, तर पैसे कापायच्या आधी बँकेचा मेसेज त्यांच्या फोनवर येणार नाही आणि तुमच्याही नाही, ते आठवून बघा.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे, क्लाउडचा कोर्स करतोय. प्रॅक्टिकलला अकाउंट काढायचं तर कार्ड लागतं, माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही, बाबांचं मागायची भीती वाटते. सीनियर म्हणतात झीरो बॅलन्सचं डेबिट कार्ड टाक, काय कापणार ते?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : भीती वाटते ते चांगलंय. क्लाउडचं प्रकरण वर सगळ्यांनी विचारलंय त्याच्यापेक्षा वेगळं आहे, क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेली कंपनीची मशीन, तिथे ठरलेली फी नसते, मीटर असतो. एखादं मशीन चालू राहिलं तर बिल वाढतच जातं आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून बिल माफ होत नाही, ते तुझ्या नावावर थकीत राहतं. त्यामुळे रिकाम्या कार्डाची आयडिया सोड.

कॉलेजचा मेल आयडी आहे ना? अझूर फॉर स्टुडंट्स म्हणून मायक्रोसॉफ्टची योजना आहे, १०० डॉलरचं क्रेडिट १२ महिन्यांसाठी मिळतं आणि कार्ड मागत नाहीत. कोर्स एखाद्या दुसऱ्याच क्लाउडचा असेल आणि बाबांचं कार्ड लागणारच असेल तर गूगल क्लाउड त्यातल्या त्यात बरं, तिथे ९० दिवस आणि ३०० डॉलरची ट्रायल संपली की तू स्वतः अपग्रेड केल्याशिवाय पैसे कापायला सुरुवात होत नाही. बाकी कुठेही अकाउंट काढलंस तर मशीन चालू करायच्या आधी बजेट अलर्ट लाव, आणि तो मेल बाबांना पण जाईल असं कर. एक लक्षात ठेव, अलर्ट फक्त कळवतो, मशीन बंद करत नाही. ते तुलाच करायचंय, झोपायच्या आधी.